न प्यायलेल्या दारूचा बोभाटा

माझा मुलगा ओरिन दारू पीत नाही. कधीच प्यायलेला नाही. हे वाक्य मी हॉलिवूडमध्ये इतक्या जणांना ऐकवलं आहे, की आता ते तोंडातून निघायच्या आतच समोरचा माणूस समजुतीने मान हलवायला लागतो. कोपऱ्यावरचा किराणावाला मिस्टर डॉब्सन तर पुडी बांधता बांधता म्हणतो, "मिसेस ट्विचेल, आईच्या तोंडी असंच शोभतं हो." काय शोभतं? खरं बोलणं?

त्यांचीही चूक नाही म्हणा. ओरिन सिनेमात दारुड्यांची कामं करतो. पडद्यावर त्याचं नाव येत नाही, पण चेहरा सगळ्यांना माहीत आहे. तो लांबोडा चेहरा, आणि थंडीने लाल झाल्यासारखं दिसणारं नाक. ते त्याला त्याच्या वडिलांकडून मिळालं, आणि तेही बिचारे कधी प्यायले नाहीत. गुत्त्याच्या दारातून बाहेर भिरकावला जातो तो ओरिन. दिव्याच्या खांबाला टोपी काढून नमस्कार करतो तो ओरिन. भलत्याच्याच लग्नात शिरून नवरीच्या आजीला मिठी मारतो तोही ओरिनच. ट्राममध्ये चढला की कंडक्टर म्हणतो, "सांभाळून साहेब, पायरी एकच आहे, दोन दिसल्या तर वरचीवर पाय ठेवा." सगळी ट्राम हसते. आणि हा शहाणा काय करतो? खालचीवर पाय ठेवल्यासारखं करून अडखळतो! लोकांना आवडतं म्हणे.

हे शिक्षण त्याला कुठे मिळालं, तर माझ्याच पदराआड. मी कॉलेजात लॅटिन शिकले आणि पदवी घेऊन आयोवाला परत आले ती छातीवर पांढरी फीत लावूनच. दारूबंदीसाठी झगडणाऱ्या आम्ही सगळ्याजणी ती फीत लावत असू. आमच्या नदीकाठच्या गावात दर शनिवारी आम्ही गुत्त्यासमोर उभ्या राहून स्तोत्रं म्हणायचो. ओरिन लहान. त्याला घरी कुणाजवळ ठेवणार? तोही यायचा. आम्ही डोळे मिटून प्रार्थना करायचो आणि हा डोळे उघडे ठेवून बाहेर पडणारी माणसं बघत राहायचा. मला वाटायचं, मुलाला चांगलीच दहशत बसते आहे.

"आई, खरा दारुडा झोकांड्या खायला बघत नाही," तो मला मोठेपणी म्हणाला. "तो सरळ चालायला बघतो. सगळी गंमत त्यात आहे."

गंमत म्हणे! चाळीस बायका घसा कोरडा होईस्तोवर गात होत्या, आणि याला गंमत दिसत होती.

त्याच स्टुडिओत ब्रॅडफर्ड लिंड होता. हा मोठा नट. मासिकांत त्याचे फोटो यायचे ते दुधाचा पेला हातात धरलेले, शेजारी दोन कुत्रे. रात्री नऊला झोपतो, रविवारी चर्चला जातो. प्रत्यक्षात दुपारच्या जेवणानंतर त्याचा चेहरा जवळून टिपायचा नाही, असा तिथे अलिखित नियम होता, कारण तोवर डोळे कुठेच ठरायचे नाहीत. हे हॉलिवूडमध्ये प्रत्येक शिंप्याला आणि सुताराला माहीत होतं, आणि हॉलिवूडबाहेर एकाही माणसाला नाही. ती व्यवस्था पाहायला मिस्टर पेटिग्रू नावाचे गृहस्थ होते. कुणाचं पिणं झाकायचं आणि कुणाचं पिणं मर्दानी म्हणून डंका वाजवून सांगायचं, हे ते ठरवायचे. ज्याचं तिकीट जसं खपेल तसं.

लिंडला ओरिन आवडायचा. त्याचं कारणही मी सांगते. एका चित्रात हा दारुडा नायकाच्या खांद्यावर रेलून अख्खा रस्ता चालत जातो. लोक पोट धरून हसले. खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी लिंडला उभं राहता येत नव्हतं. ओरिनने त्याला काखेखाली हात घालून असा काही धरला, की पाहणाऱ्याला वाटावं हाच त्याच्यावर कोसळतोय. नायक दारुड्याच्या आधाराने चालत होता. वाहवा मात्र नायकाची झाली.

"तुला राग येत नाही?" मी विचारलं.

"कशाचा? तो पडला नाही ना, आई."

असा हा माझा मुलगा. आणि अशा मुलावर वर्ना कोस्टरसारख्या मुलीचा जीव जडला.

वर्ना बेकरीत काउंटरवर उभी असते. बोलायला फटकळ, हिशेबाला पक्की. तिचे वडील दारूपायी गेले, आणि जाण्याआधी राहतं घर पेटवून गेले. पेटती विडी हातात घेऊन झोपले होते. त्यामुळे तिची एकच अट. ओरिन पहिल्यांदा तिला भेटायला गेला तेव्हा तिने त्याला दारातच थांबवलं आणि म्हणाली, "हा कर." त्याने तोंड उघडून 'हा' केलं. तिने वास घेतला आणि मग आत घेतलं. पुढे साखरपुडा झाला तरी तिने हे सोडलं नाही. दोघं हसायचे, पण एकदाही ती विसरली नाही. मला ती मुलगी मनापासून आवडली. म्हटलं, आता माझ्या डोक्यावरची काळजी उतरली.

उतरते कसली!

एका रविवारी ओरिन माझ्याकडे संध्याकाळचा जेवायला होता. मी मांस बटाट्यांबरोबर भाजलं होतं. त्याने दोनदा वाढून घेतलं, भांडी पुसली, रेडिओ ऐकत खुर्चीतच पेंगला. त्याच संध्याकाळी लॉस फेलिझ रस्त्याच्या वळणावर ब्रॅडफर्ड लिंडची गाडी फुलांच्या ठेल्यात घुसली. फुलवाले मिस्टर इनागाकी ठेला आवरत होते. त्यांचा पाय मोडला.

सोमवारी सकाळी मिस्टर पेटिग्रू माझ्या स्वयंपाकघरात ओरिनसमोर बसले होते. हॅट गुडघ्यावर, आवाज मधाळ.

"मिसेस ट्विचेल, एक लहानशी अडचण आहे. ओरिनने काल मिस्टर लिंडची गाडी घेतली होती, असं आमच्या लक्षात आलं आहे."

"काल तो इथे जेवत होता."

"हो ना," ते म्हणाले. "जेवल्यानंतर घेतली असेल."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा हातातली कॉफीची किटली मी आपटलीच. "म्हणजे प्यायला तो, पाय मोडला त्याने, आणि गुन्हेगार माझा मुलगा? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"फाशी कुठे, बाई! दंड. तो आम्ही भरू. दवाखान्याचं आम्ही बघितलं आहे. ओरिनला वर्षाचा करार, पडद्यावर नाव, बोलायला वाक्यं. मिस्टर लिंडचं नाव आलं तर तीन चित्रं बुडतील, चारशे माणसं घरी बसतील. ओरिनचं आलं तर..." त्यांनी हॅट फिरवली. "खरं सांगू? कुणी दुसरा प्रश्नच विचारणार नाही."

तेवढ्यावर मी त्यांना बाहेर काढणार होते. पण माझे चिरंजीव पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "वाक्यं किती?"

"ओरिन!"

"विचारतोय फक्त, आई."

"अरे, वर्नाला काय सांगणार आहेस?"

पेटिग्रू उठता उठता म्हणाले, "कुणालाच काही सांगायचं नाही. मिस ... काय नाव त्यांचं? त्यांनाही नाही. एका तोंडाचं दहा तोंडी होतं."

आणि माझा मुलगा त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेला. जाताना कोट बदलून गेला. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला जाताना कुणी कधी टाय बांधला असेल का?

मंगळवारच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी होती: सिनेमातला दारुडा खऱ्या आयुष्यातही झिंगलेला. दुपारी वर्ना आली. बेकरीचा ॲप्रन तसाच, कोपरापर्यंत पीठ. ओरिन दारात गेला.

"हा कर."

त्याने केलं.

"आज नाही," ती म्हणाली. "रविवारी?"

तो बाजूला सरकून दार धरून उभा राहिला.

"ओरिन, रविवारी तू प्यायला होतास का?"

"होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

मी तिथे उभी होते. मला राहवलं नाही. "खोटं आहे ते! वर्ना, हा रविवारी माझ्या टेबलावर बसून जेवत होता. दोनदा वाढून घेतलं त्याने. त्या स्टुडिओवाल्यांनी याला पढवलंय."

वर्नाने माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिला माझी दया आली होती.

"माझी आई पण हेच म्हणायची," ती हळूच म्हणाली. "पोलीस आले की, 'ते घरीच होते हो, माझ्यासमोर जेवले.' काय जेवले तेसुद्धा सांगायची. एकदा डुकराचं मांस, एकदा मासे. घरात त्या दिवशी पावसुद्धा नसायचा."

याच्यावर मी काय बोलणार? खरं बोलायला म्हणून तोंड उघडावं आणि जगातल्या प्रत्येक दारुड्याच्या आईचं खोटं बाहेर पडावं! मला रागाने रडू आलं, आणि रडले तर त्याचं पिणं तिला आणखीच खरं वाटलं.

"गुरुवारी कोर्ट आहे ना?" वर्ना ओरिनला म्हणाली. "मी येणार. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. मग अंगठीचं बघू."

दोन दिवस मी त्याच्यामागे लागले होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी बुधवारी तो एकदाचा बोलला.

"आई, आजवर मी कुणाच्या तरी मागे पडलो, कुणाच्या तरी पुढून गेलो. कॅमेरा दुसऱ्याकडेच असतो. उद्या माझ्यापुढे कुणीही उभं नसेल. सगळे माझ्याकडे बघतील. आणि लिंड वाईट माणूस नाही गं. उतरली की रडतो."

"त्याच्या रडण्यावर तू तुझा संसार ओवाळून टाकणार?"

"वर्ना येईल परत."

"नाही येणार. तिने घर जळताना पाहिलंय, मूर्खा."

तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. पण कोर्टात तो गेलाच.

मूळ गुन्हा काय होता आणि कोर्टापर्यंत येता येता तो एवढा बारीक कसा झाला, हे पेटिग्रूंनाच ठाऊक. तेही आले होते, मागच्या भिंतीला टेकून. बाकांवर निम्मी माणसं स्टुडिओतलीच, कुणी हजेरीसाठी, कुणी मजा बघायला. मिस्टर इनागाकी कुबड्या घेऊन पुढे. वर्ना माझ्या शेजारी, हात मांडीवर, अंगठी बोटात गोल गोल फिरवत.

न्यायाधीश म्हातारे, कंटाळलेले. "गुन्हा कबूल?"

"कबूल, साहेब."

"काय प्यायला होतात?"

"व्हिस्की."

"किती?"

"बाटलीभर," ओरिन म्हणाला. खांदे किंचित खाली, हनुवटी जरा जास्तच वर. उत्तम काम करत होता, पोटच्या पोराचं काम म्हणून सांगत नाही.

"कुठून घेतली?"

ओरिन अडला. "एका माणसाकडून."

न्यायाधीश पुढे वाकले. "हे बघा, शहरात भेसळीची दारू फिरते आहे. गेल्या महिन्यात दोघं आंधळे झाले. त्या माणसाचं नाव नसेल सांगायचं तर निदान चव सांगा. कशी होती?"

ओरिनने प्रामाणिकपणे विचार केला. ते मला त्याच्या कपाळावरून दिसलं.

"चांगली होती, साहेब. जराशी तुरट. फक्त गार होऊन फार वेळ राहिली ना, की वर पातळ पापुद्रा धरते. तो बोटाने काढावा लागतो."

मग मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि तिथून हसू पुढे पुढे येत गेलं. चित्रात व्हिस्की म्हणून पेल्यात गार चहा ओततात, हे त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. आयुष्यात ओरिनने जी काही व्हिस्की प्यायली ती तेवढीच.

न्यायाधीशांच्या मिशा हलल्या. "लिंबू पिळता का त्यात?"

"नाही साहेब, लिंबाने रंग उतरतो."

आता तर बेलिफसुद्धा हसायला लागला. ओरिनला वाटलं, आपलं काम रंगलंय. त्याने किंचित वाकून दाद घेतली. मी कपाळावर हात मारला.

न्यायाधीशांनी भिंतीला टेकलेल्या पेटिग्रूंकडे बराच वेळ पाहिलं. मग मिस्टर इनागाकींना विचारलं, "तुमची काही हरकत?" ते म्हणाले, "नाही. पैसे मिळाले." न्यायाधीशांनी चष्मा काढला. "कबुली आहे. तक्रार नाही. जे माझ्यापुढे ठेवलंच नाही त्याचा न्याय मी कसा करू?" दंड सांगितला, वर्षभर गाडी चालवायला बंदी घातली, पुढचं प्रकरण बोलावलं. सत्य सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उघडं पडलं होतं, आणि कुणालाही ते उचलून घ्यायचं नव्हतं!

मी वर्नाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. पायऱ्यांवर आल्यावर तिने ओरिनला कोटाच्या कॉलरला धरलं.

"चहा!"

"वर्ना, हळू. पेटिग्रू बघतोय."

"बघू दे! माझा बाप खोटं बोलायचा, तर ते बाटली बोलायची. तू पूर्ण शुद्धीत माझ्या तोंडावर खोटं बोललास. दारात 'हा' करून वर खोटं बोललास! दारुडा परवडला रे, त्याची निदान सकाळी उतरते. तुझं हे कधी उतरणार?"

तो कॉलर सोडवायचाही प्रयत्न करत नव्हता.

"मी काय करू?" तो म्हणाला.

"ज्याचा पाय मोडला त्याला खरं सांग. मग इथे येऊन कबुली मागे घे. मग माझ्याशी बोल."

"करार जाईल."

"जाईल," वर्ना म्हणाली, आणि एकटी बसथांब्याकडे चालायला लागली.

ओरिन तिथेच उभा राहिला. त्याच्या मागून एक नट उतरत होता, तो म्हणाला, "भले ट्विचेल, काय काम केलंस!" त्याच्याकडे ओरिनने ढुंकूनही पाहिलं नाही. मग तो बसथांब्याकडे धावत सुटला.

शुक्रवारी सकाळी त्याने कराराचा कागद स्टुडिओच्या फाटकावर परत दिला. पहारेकऱ्याने आतून फोनवर विचारून सांगितलं, की यापुढे या फाटकातून यायची तसदी घेऊ नये. मग वर्ना धरून आम्ही तिघं मिस्टर इनागाकींकडे गेलो. ते खुर्चीत पाय वर करून कार्नेशनच्या फुलांच्या जुड्या बांधत होते. ओरिनने टोपी काढून सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी पाहिलंय त्याला. गाडीतून उतरला, माझ्या फुलांवर बसला आणि रडला. तुम्ही कशाला आलात? त्यांनी पैसे दिले, मी घेतले. आता तुम्ही खरं बोललात तर ते परत मागतील."

"तुमच्याकडून नाही मागणार," वर्ना म्हणाली.

"मग सांगा कुणालाही." त्यांनी एक जुडी बांधून दोरा दाताने तोडला. "पण माझ्या ठेल्यापुढून जरा बाजूला व्हा. गिऱ्हाइकं तुम्हाला ओळखतात."

तिथून कोर्ट. खिडकीत एक गोल चेहऱ्याचा कारकून होता. ओरिनला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"ट्विचेल! त्या घोड्यांच्या हौदात पडता ते तुम्हीच ना? माझी बायको हसून हसून पडायची राहिली हो!"

"मला कबुली मागे घ्यायची आहे," ओरिन म्हणाला. "मी गाडी चालवत नव्हतो. मी प्यायलो नव्हतो. मी पीत नाही."

कारकून हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून त्याने आवाज खाली आणला. "असं करा, घरी जा. काळी कॉफी घ्या, झोप काढा. उतरली की सोमवारी या. सोमवारी कुणाला काही मागे घ्यायचं नसतं, बघा."

"तो शुद्धीत आहे!" वर्ना कडाडली. "ऐकू येतंय का तुम्हाला? तो पीतच नाही! रविवारी तो आईकडे जेवत होता, मांस आणि बटाटे! दोनदा वाढून घेतलं!"

माझंच वाक्य तिच्या तोंडी होतं. बोलण्यासारखं काय उरलं होतं?

कारकुनाने खिडकीतून तिच्याकडे फार मायेने पाहिलं. "किती वर्षं झाली, ताई, तुमच्या लग्नाला?"

"अजून व्हायचंय."

"मग अजून वेळ आहे," तो म्हणाला. "विचार करा."

वर्नाचे कान लाल झाले. "पुढच्या शनिवारी आहे," ती म्हणाली. "आणि तुम्हाला बोलावणार नाही."

ती तारीख मला माहीत नव्हती, ओरिनला माहीत नव्हती, आणि माझी खात्री आहे, तोंडातून निघेपर्यंत तिलाही माहीत नव्हती. ओरिन तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने घसा खाकरला.

"त्या शनिवारी मला दुसऱ्या स्टुडिओत काम मिळालंय," तो म्हणाला. "दारुड्याचं."

आम्ही दोघी एकदमच त्याच्याकडे वळलो.

"रविवारी चालेल," तो घाईघाईने म्हणाला.